शब्द तोलणारे राष्ट्रपती



स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचे मुंबईत मनःपूर्वक स्वागत करतो. माजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या जीवनकार्याचा विचार करण्यासाठी आपण जमलो आहोत. या शहराशी त्यांचे जुने नाते आहे. तरुणपणी ते इथे ‘टाइम्स ऑफ इंडिया’त पत्रकार होते. एप्रिल १९४५ मध्ये त्यांनी महात्मा गांधींची मुलाखत घेतली तीही इथेच. टाटा शिष्यवृत्ती मिळाली आणि ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये राज्यशास्त्रज्ञ हॅरल्ड लास्की यांच्याकडे शिकायला गेले.

मुंबईपर्यंतची वाट मात्र खडतर होती. केरळातल्या उझवूर गावच्या गरीब दलित कुटुंबात त्यांचा जन्म झाला. भातखाचरांतून मैलोन्‌मैल चालत ते शाळेत जात. फी थकली की वर्गाबाहेर उभे राहून धडे ऐकत. त्याच मुलाने पुढे त्रावणकोर विद्यापीठात इंग्रजी साहित्यात पहिला क्रमांक मिळवला.

१९४९ मध्ये ते परराष्ट्र सेवेत रुजू झाले. रंगून, टोकियो, लंडन, कॅनबेरा, हनोई अशा ठिकाणी त्यांनी काम केले. थायलंड आणि तुर्कस्तानात राजदूत झाले. १९६२ च्या युद्धाने चीनशी संबंध पार बिघडले होते. वर्षानुवर्षे बीजिंगमध्ये भारताचा राजदूत नव्हता. १९७६ मध्ये ते पद पुन्हा भरायचे ठरले तेव्हा निवड झाली नारायणन यांची. निवृत्तीनंतर ते जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचे कुलगुरू झाले, मग अमेरिकेत राजदूत. १९८४ मध्ये केरळातल्या ओट्टपालमच्या मतदारांनी त्यांना लोकसभेत पाठवले आणि पुढे आणखी दोनदा निवडून दिले. केंद्रात राज्यमंत्री, १९९२ मध्ये उपराष्ट्रपती आणि १९९७ मध्ये राष्ट्रपती. या पदावर पोचलेले ते पहिले दलित नागरिक.

मित्रहो, पदांची ही यादी मोठीच आहे. पण मला त्यांचे मोठेपण त्या पदांवरच्या वागण्यात दिसते. राजदूताच्या हाती ना फौज असते, ना तिजोरी. नीट वाचलेला मसुदा, वेळेवर विचारलेला प्रश्न आणि तोललेला शब्द एवढेच त्याचे बळ. हीच शिस्त त्यांनी राष्ट्रपती भवनात नेली. ऑक्टोबर १९९७ मध्ये गुजराल मंत्रिमंडळाने उत्तर प्रदेशात कलम ३५६, म्हणजे राष्ट्रपती राजवट, लावण्याची शिफारस केली. राष्ट्रपतींनी ती फेरविचारासाठी परत पाठवली आणि सरकारने आग्रह सोडला. पुढच्या वर्षी बिहारबाबत वाजपेयी मंत्रिमंडळाची शिफारसही त्यांनी तशीच परत केली. सरकारे बदलली, पक्ष बदलले, पण त्यांचा निकष तोच राहिला. १९९८ च्या लोकसभा निवडणुकीत कोणालाच बहुमत मिळाले नाही, तेव्हा त्यांनी पाठिंब्याची लेखी पत्रे मागितली आणि आपला निर्णय कोणत्या आधारावर घेतला हे पत्रक काढून देशाला सांगितले. त्याच निवडणुकीत त्यांनी स्वतः मतदान केले. सार्वत्रिक निवडणुकीत मत देणारे ते पहिले विद्यमान राष्ट्रपती.

प्रजासत्ताकाच्या सुवर्णमहोत्सवात, राज्यघटनेच्या पुनरावलोकनाची चर्चा रंगली असताना, त्यांनी संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात देशालाच प्रश्न केला: घटना अपयशी ठरली, की आपण तिच्या कसोटीला उतरलो नाही? घटनेचे शिल्पकार बाबासाहेब आंबेडकर यांच्या महाराष्ट्राने हा प्रश्न आपला मानला पाहिजे.

म्हणून या परिषदेकडून माझी एक अपेक्षा आहे. इथे नारायणन यांचा नुसता गौरव होऊ नये. त्यांची भाषणे, पत्रके आणि निर्णय यांचा बारकाईने अभ्यास व्हावा, मतभेद असतील तर तेही मोकळेपणाने मांडले जावेत. विशेषतः परराष्ट्र सेवेची आणि प्रशासनाची स्वप्ने पाहणाऱ्या तरुणांनी एवढे लक्षात घ्यावे, की अधिकार वापरताना कारण सांगणे हे दुबळेपणाचे लक्षण नाही. लोकशाहीत अधिकाराला मान मिळतो तो त्यामुळेच.

 परिषदेचे कामकाज सुरू करण्याची अध्यक्षांना विनंती करतो.