गोड्या पाण्यातला पाकट

कोकणात पाकट म्हटलं की कालवणच आठवतं. पण दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांमध्ये या माशाचे गोड्या पाण्यातले भाऊबंद आहेत, आणि ते हौशी लोकांच्या काचेच्या टाकीतही येतात. तपकिरी पाठीवर काळ्या कडेची नारिंगी वर्तुळं असली, तर बहुधा मोटोरो ही जात. काळ्या अंगावर पांढरे ठिपके असले, तर ब्राझीलच्या शिंगू नदीतला लिओपोल्डी. संकरही विकले जातात, म्हणून नुसत्या ठिपक्यांवर विसंबू नका.

टाकीत आणलेला नवा मासा प्रवासात उपाशी राहिलेला असतो. शेपटीच्या मुळाशी कूर्चेचा सांगाडा वर आलेला दिसला, की तो फार खंगलाय असं समजा. त्याला आधी जिवंत गांडुळं, बारीक कोळंबी द्या. तोंड अंगाखाली असल्यानं खाणं तळाशी, मऊ वाळूवर पडायला हवं. हातानं भरवायचा मोह मात्र टाळा. शेपटीवरचा काटा विषारी असतो.