रुग्णालयाच्या दाराशी होणारी तपासणी



अमेरिकेत परिचारिकेचे शिक्षण घेणाऱ्यांना रुग्णालयात प्रत्यक्ष कामास पाठविण्यापूर्वी त्यांची पूर्वचौकशी करतात. मादक द्रव्यांसाठी लघवीही तपासतात. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीची आई रागाने म्हणाली, “सर, माझ्या पोरीवर संशय?” मला त्यात अपमान दिसत नाही. समोर खाटेवर असहाय माणूस असतो आणि कपाटात मॉर्फिन.

काळजी निराळीच आहे. खसखशीच्या दाण्यावर अफूच्या चिकाचा अंश राहतो व तो लघवीत उतरतो. म्हणूनच तेथील केंद्र सरकारच्या नोकरांसाठी प्राथमिक चाचणीची मर्यादा १९९८ साली दर मिलिलिटरला ३०० नॅनोग्रॅमवरून २००० वर नेली; पण सर्वच प्रयोगशाळा ती पाळतात असे नाही. तेव्हा मातांनो, तपासणीच्या तोंडावर अनारसे धाडू नका! औषध चालू असल्यास डॉक्टरांची चिठ्ठी जवळ असावी.

चौकशीत नामसाधर्म्याने दुसऱ्याचा गुन्हा माथी येऊ शकतो. आम्हा शेखांत तर एकेक नाव दहा घरांत. १९७० च्या तेथील कायद्याने चौकशी करणाऱ्या कंपनीकडून आपल्या माहितीची प्रत मागता येते, चूक दुरुस्त करून घेता येते. मुले संकोचाने मागत नाहीत. त्यांना आजच पत्र लिहा.