जीर्ण पानांतील नाममुद्रा



तुकोबांचा अभंग कोणाचा, हे वेगळे सांगावे लागत नाही. अखेरच्या चरणातील नाममुद्राच ते सांगते. सहाव्या शतकाच्या सुमारास पॅलेस्टाईनमध्ये होऊन गेलेला हिब्रू कवी यन्नाई हाही आपले नाव पद्याच्या आद्याक्षरांत गुंफून ठेवी. सभास्थानातील उपासनेसाठी रचलेल्या अशा पद्याला ‘पियूत’ म्हणतात. पुढे यन्नाईचे नाव तेवढे उरले; त्याची कविता जवळजवळ सारी लुप्त झाली.

कैरोच्या जुन्या फुस्तात भागात बेन एझ्रा नावाचे सभास्थान आहे. ईश्वराचे नाव असलेले लेखन नष्ट करू नये, या श्रद्धेने तेथील यहुदी लोक जीर्ण पाने एका कोठडीत ठेवीत. या साठ्याला ‘गेनिझा’ म्हणतात. सॉलोमन शेख्टर या पंडिताने १८९६-९७ मध्ये त्यातील सुमारे १,९३,००० तुकडे केंब्रिज विद्यापीठासाठी मिळवले. त्यांतील काही चर्मपत्रांवर मूळचा ग्रीक मजकूर खरवडून हिब्रू लिहिलेले होते. अभ्यासकांचे लक्ष प्रथम तळच्या पुसट ग्रीक अक्षरांकडे गेले. वरच्या हिब्रू ओळींचा कवी इस्रायल डेव्हिडसन यांनी ओळखला आणि १९१९ मध्ये ती पद्ये प्रसिद्ध केली. सुमारे तेराशे वर्षांनी यन्नाईला वाचक मिळाला.

हिब्रू प्रार्थनेची अशीच एक कथा मराठी मुलखातही घडली. कोकणातील बेने इस्रायल समाज तेलाचा घाणा चालवी. शनिवारी, शब्बाथाच्या दिवशी, घाणा बंद राही. म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. त्यांची बोली मराठी. हिब्रूचे ज्ञान ओसरले, तरी ‘शेमा’ ही प्रार्थना त्यांच्या मुखी टिकून राहिली. पण मुखी असलेल्या शब्दांचा अर्थ कोणी सांगावा? एकोणिसाव्या शतकात ते काम एका शिक्षकाने अंगावर घेतले. मुंबईतील शाळेचे मुख्याध्यापक जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४-१९०५) यांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. १८७४ मध्ये पुण्यात वल्हांडण सणाचा ‘हग्गादा’ हिब्रू आणि मराठीत छापला गेला. त्यातील चित्रात बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया भारतीय वेषात दिसतात.

कोठडीने पाने राखली. अर्थ राखला तो वाचणाऱ्यांनी.

नर्मदेकाठच्या या हिंदीभाषक नगरात मराठी घरांच्या पेट्यांतही काही पाने आहेत: आजीने उतरवून घेतलेल्या ओव्या, पणजोबांची मोडीतील पत्रे. ज्या नातवाला ती वाचता येत नाहीत, त्याच्या लेखी ती रद्दीच. आणि दोष केवळ त्याचा नव्हे. मराठी शाळा या नगरात कशासाठी, या प्रश्नाचे उत्तर त्या पेटीत आहे. हीरक महोत्सवी वर्षात प्रत्येक विद्यार्थ्याने घरातील एक जुने पान वडीलधाऱ्यांजवळ बसून मोठ्याने वाचावे आणि त्याखाली लिहिणाऱ्याचे नाव नोंदवावे. यन्नाईला तेराशे वर्षे वाट पाहावी लागली; आजीच्या वहीवर ती वेळ येऊ नये.