ग्रंथालयातील खेळाची खोली

(शताब्दी समारंभात केलेल्या भाषणावरून)



शताब्दीच्या व्यासपीठावरून ग्रंथांचा महिमा सांगावा, असा संकेत आहे. तो मोडून मी आज व्हिडिओ गेमविषयी बोलणार आहे, याबद्दल प्रारंभीच क्षमा मागतो. बालविभागात एक पडदा आणि गेम खेळण्याचे यंत्र ठेवावे, अशी सूचना काही तरुण सभासदांनी कार्यकारिणीपुढे मांडली आहे. त्यावर ज्येष्ठांपैकी एकांनी ‘मग दारावरची ग्रंथालयाची पाटी उतरवा’ असे उद्गार काढले. तो राग मला समजतो. पहिल्या दिवशी तो माझाही होता.

तथापि राग ओसरल्यावर मला बडोद्याची आठवण झाली. आपल्या शेजारची नवसारी त्याच राज्यात होती, तेव्हा हा इतिहास आपल्याला परका नाही. 1910 साली सयाजीराव महाराजांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण केले आणि राजवाड्यातील सुमारे 20,000 ग्रंथ मध्यवर्ती ग्रंथालयास दिले. हे आपण प्रत्येक समारंभात अभिमानाने सांगतो. परंतु त्याच ग्रंथालय खात्याची एक शाखा मॅजिक लँटर्न, स्टिरिओस्कोप आणि चलच्चित्रपटाची यंत्रे बाळगून होती, खेड्यापाड्यांत विनामूल्य खेळ दाखवीत होती आणि मुलांच्या विभागात पुस्तकांशेजारी बैठ्या खेळांची सोय होती, एवढे मात्र सांगायचे राहून जाते. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 1913 चा. म्हणजे ज्या काळी चित्रपट ही जत्रेतल्या तंबूतली करमणूक समजली जात होती, त्या काळी बडोद्याने तिला ग्रंथालयाच्या खर्चात स्थान दिले. बॉर्डन परतल्यावर हे खाते जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी सांभाळले. त्यांनी पाटी उतरविली नाही.

दुसरे उदाहरण दूरचे आहे, पण सुरतेला अधिक लागू पडणारे. अँड्र्यू कार्नेगी यांनी अमेरिकेत उघडलेले पहिले ग्रंथालय ब्रॅडॉक या पोलाद कारखान्याच्या गावी, 1889 साली. त्यात कामगारांसाठी स्नानगृह होते आणि बिलियर्डची टेबले होती. 1893 मध्ये पोहण्याचा तलाव व व्यायामशाळाही जोडली गेली. दिवसभर भट्टीपाशी राबणारा मनुष्य थेट ग्रंथ मागण्यास येणार नाही, हे तेथे गृहीत धरले होते. आपल्या सुरतेत यंत्रमागावर राबण्यासाठी धुळे, जळगाव, नंदुरबारकडून भुसावळच्या गाडीने पिढ्यान्‌पिढ्या माणसे आली आणि लिंबायत, उधना, पांडेसरा येथे वसली. त्यांची मुले घरी अहिराणी, रस्त्यावर हिंदी आणि बाजारात गुजराती बोलतात. त्यांतील किती मुले आपल्या सभासद-नोंदवहीत आहेत? ही नोंदवही मी मुद्दाम चाळली आणि लाज वाटली.

ही मुले खेळत नाहीत असे नाही. एका खोलीच्या घरात वडील रात्रपाळीहून येऊन झोपलेले असतात आणि मुलगा कोपऱ्यात फोनवर वाकलेला असतो. मार्च 2019 मध्ये राजकोट आणि सुरतेसह गुजरातच्या काही शहरांत पबजी खेळण्यावर बंदी आली. राजकोटात तरुणांना अटकही झाली. पुढे सप्टेंबर 2020 मध्ये केंद्र सरकारने 118 अ‍ॅपवर बंदी घातली, त्यांतही पबजी होता. मुले दुसऱ्या खेळाकडे वळली, एवढेच. 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेने जो कायदा केला, त्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ निषिद्ध ठरविले. शैक्षणिक व सामाजिक खेळांना आणि ई-स्पोर्ट्सला मात्र उत्तेजन द्यावे असे म्हटले. सगळे गेम एका मापाने मोजू नयेत, हे शासनालाही पटले आहे. ते निवडायचे कोणी? निवड करणे हे तर ग्रंथपालाचे मूळ काम. रहस्यकथांच्या ढिगातून चांगली रहस्यकथा काढून वाचकाच्या हाती देणारे ग्रंथपाल या संस्थेने पाहिले आहेत.

गेमच्या आमिषाने मूल पुस्तकाकडे वळेल, असा युक्तिवाद मी करणार नाही. काही वळतील, काही वळणार नाहीत. आणि आमिष मुलांना फार लवकर ओळखू येते. चांगला गेम ही स्वतंत्र कृती आहे असे मानूनच तो घ्यावा. 2020 साली पुण्यातील एका लहानशा चमूने ‘राजी’ हा गेम प्रसिद्ध केला. हरवलेल्या भावाच्या शोधात निघालेल्या मुलीची ती कथा आहे. माझ्या नातीने तो मला दाखविला. माझी बोटे चालेनात, पण त्यातील मंदिरे, भित्तिचित्रे आणि पुराणकथा पाहताना पाऊण तास गेला. आम्ही दोघांनी इतका वेळ एकत्र क्वचितच घालविला होता.

खरा कठीण आक्षेप भाषेचा आहे. मराठीतून चालणारे चांगले गेम अत्यल्प. मग मराठी संस्थेने हा खर्च का करावा? मी यावर बराच विचार केला. पडद्यावरची भाषा आपल्या हाती नाही. पडद्यासमोर बसलेली दोन मुले एकमेकांशी काय बोलतील, हे मात्र काही अंशी आहे. लहानपणी याच संस्थेच्या ओसरीवर कॅरम होता. तापी काठच्या पोरांची अर्धी मराठी त्या फळीभोवतीच्या भांडणांत घडली. पुढे पावडरीने सतरंज्या खराब होतात म्हणून कॅरम माळ्यावर गेला, आणि माझे तीन सोबती पुन्हा ग्रंथालयात आले नाहीत. ते वाचक झाले असते की नाही, मला ठाऊक नाही.

आता व्यवहाराचे. हल्ली बहुसंख्य गेम खात्यावर उतरवून घ्यावे लागतात. पैसे मोजूनही मिळतो तो केवळ वापराचा परवाना, आणि तो बहुधा व्यक्तीच्या नावे असतो. म्हणून जे तबकडीवर मिळतात तेच घ्यावेत, त्यांवर ग्रंथाप्रमाणे दाखलअंक घालावा. वेष्टनावर छापलेला वयाचा अंक पाहिल्याशिवाय एकही तबकडी मुलांना देऊ नये. इंटरनेटची जोडणी नको. म्हणजे अनोळखी माणसांशी खेळ नाही आणि खेळता खेळता खरेदी नाही. जुन्या दिवाळी अंकांच्या कपाटामागची खोली यास पुरेल, वाचनकक्षात आवाजही जाणार नाही. पडद्यापुढे खुर्च्या दोन असाव्यात, एक नव्हे, आणि पाळी अर्ध्या तासाची. ग्रंथखरेदीच्या रकमेतून एक पैसाही यास वळवू नये. आश्रयदात्यांपैकी कोणी स्वतंत्र देणगी दिली तरच आरंभ करावा.

वर्षअखेरीस नोंदवही सर्वसाधारण सभेपुढे ठेवावी आणि खोली चालू ठेवायची की बंद करायची, ते त्या नोंदींवरून ठरवावे. पहिल्या तीन महिन्यांत रविवारची देखरेख आणि खोलीची किल्ली सांभाळण्यास मी तयार आहे.