कर्करोग, घराणे आणि डॉ. कमल रणदिवे
(नांदेड व लातूर जिल्ह्यांतील ज्ञातिकुटुंबांच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



आम्ही पेशाने शाळामास्तर. वैद्यकावर अधिकारवाणीने बोलण्याचा आमचा वकूब नाही. तथापि आपल्या मंडळाच्या वधूवर-नोंदणीतील एका रकान्याने आम्हांस या विषयाकडे वळविले. ‘घराण्यात कर्करोग वा अन्य दुर्धर रोग आहे काय?’ असा तो प्रश्न, आणि तो फक्त वधूच्या अर्जात आहे. परिणाम आपण जाणताच. मुलीचे लग्न उरकेपर्यंत आई छातीतील गाठ पदराआड झाकून ठेवते; मग देवगिरी किंवा लातूर एक्स्प्रेस धरून परळचे टाटा रुग्णालय गाठावे तो उशीर झालेला असतो.

हा रोग मुळात आहे तरी काय? शरीरातील एका पेशीच्या दोन पेशी होतात. तत्पूर्वी पेशीस आपल्यातील आनुवंशिक मजकुराची नक्कल करावी लागते, आणि ती तपासून ठीक ठरल्यावाचून पुढची पायरी गाठता येत नाही. शाळेच्या भाषेत, उत्तरपत्रिका तपासल्याखेरीज वरच्या इयत्तेत प्रवेश नाही. पेशीचे हे चक्र कसे चालते व कोठे थांबते याचा उलगडा करणाऱ्या हार्टवेल, नर्स व हंट या तिघांस २००१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पहिल्या दोघांनी साध्या यीस्टवर काम केले. तपासनीसच बिघडला की सदोष पेशी वाढतच सुटतात. पी-५३ हे असेच एक तपासनीस जनुक, आणि सुमारे निम्म्या कर्करोगांत ते बिघडलेले आढळते. असे बिघाड बहुतांशी हयातीतच होतात. वयाने होतात, तंबाखूने होतात. वराच्या अर्जात तंबाखूचा रकाना नाही, हे जाता जाता नमूद करतो.

राहिला घराण्याचा प्रश्न. त्याचाच मागोवा घेणारी विदुषी आपल्या महाराष्ट्रात होऊन गेली. डॉ. कमल रणदिवे, माहेरच्या समर्थ, यांचा जन्म १९१७ साली पुण्यात झाला. मुलीने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टरच वरावा अशी वडिलांची इच्छा. तिने दोन्ही मानले नाही. सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशींवर त्यांनी एम.एस्सी. केले. बालाघाटच्या डोंगरातील सीताफळे आपण चवीने खातो, पण त्यांच्या पेशीत कोणी डोकावले असेल हे आमच्या तरी ध्यानी आले नव्हते. गणितज्ञ पती जयसिंग रणदिवे यांचे त्यांना पाठबळ होते. पुढे मुंबईत डॉ. खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ साली पीएच.डी., नंतर अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत अध्ययन, आणि परतल्यावर परळच्या कर्करोग संशोधन केंद्रात जिवंत पेशी काचपात्रात वाढविणारी भारतातील पहिली प्रयोगशाळा, असा त्यांचा प्रवास. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. २००१ साली त्या निवर्तल्या.

उंदरांच्या निरनिराळ्या वंशांवर स्तनाच्या कर्करोगाचा अभ्यास करून आनुवंशिकता, अंतःस्राव आणि विषाणू यांचा परस्परसंबंध त्यांनी तपासला. त्यापूर्वी १९३६ साली बिटनर यांनी दाखविले होते की, रोगप्रवण वंशाची पिले जन्मताच निरोगी वंशाच्या मादीच्या दुधावर वाढविली तर त्यांच्यात हा रोग बराच घटतो. ‘घराण्याचा’ म्हणून समजला गेलेला रोग पुष्कळसा दुधातल्या विषाणूतून जात होता! ही गोष्ट उंदरांची. मातांनी आपल्या दुधाविषयी शंका मुळीच धरू नये. अंगावर पाजल्याने उलट आईचा धोका कमी होतो.

माणसात आनुवंशिक दोषामुळे होणारे कर्करोग सुमारे ५ ते १० टक्केच. जेथे तसा दोष आहे त्या कुटुंबांनी डॉक्टरांकडे लवकर जावे, लपवू नये. आणि स्तनाच्या कर्करोगाशी निगडित बीआरसीए जनुकांतील दोष आईकडून येतो तसाच बापाकडूनही मुलांत उतरतो. मग प्रश्न एकट्या वधूलाच का?

सबब हा रकाना पुढील वर्षीच्या छापील अर्जातून गाळावा, असा ठराव आम्ही या सभेपुढे ठेवीत आहोत. अनुमोदनास एखादी भगिनी उभी राहील तर आम्हांस विशेष संतोष वाटेल.