मैदानांची प्रतवारी

पनवेल तालुक्यांत, खारघरच्या डोंगराच्या पायथ्याशीं, पावसाळ्यांत पांडवकड्याचा धबधबा ज्या परिसरांत कोसळतो तेथें, गोल्फचें एक विस्तीर्ण मैदान आहे. सिडको या सरकारी संस्थेनें तें तयार केलें व 2012 सालीं तें खेळास खुलें झालें. ज्या खळग्यांत चेंडू घालावयाचा त्यास या खेळांत होल म्हणतात. प्रचलित संख्या 18; खारघरास आरंभीं 11 च होते. असें मैदान उत्तम कीं सामान्य, हें कोणीं ठरवावें?

पाश्चात्त्य देशांत हा अधिकार जाणकार परीक्षकांच्या मंडळांनीं आपल्याकडे घेतला आहे. अमेरिकेंतील ‘गोल्फ डायजेस्ट’ मासिकानें 1966 सालीं 200 मैदानांची यादी छापली. ती उत्तम मैदानांची नसून अवघड मैदानांची होती. अवघड तें थोर, हा समज तेव्हांपासूनच या प्रतवारीस चिकटला. आज त्या मासिकाचे परीक्षक आखणींतील विविधता, सौंदर्य, निगा, खेळाडूची कसोटी अशा कलमांवर 10 पैकीं गुण देतात व त्यांवरून क्रम लागतो. ‘गोल्फ’ नांवाच्या दुसऱ्या मासिकाचे परीक्षक ठराविक कलमें मानीत नाहींत. मैदान पहिल्या तिहांत बसतें, पहिल्या दहांत बसतें, कीं त्याखालीं, एवढाच निर्णय प्रत्येक जण देतो.

या पद्धतीचा कैवार घेणारे म्हणतात, आखाड्यांतील डावाची पारख वस्तादानेंच करावी. ज्यानें शेंकडों मैदानें पायांखालीं घातलीं त्यास उतार, वारा आणि वाळू यांची भाषा कळते. नुसत्या टाळ्यांवर क्रम लावला तर जाहिरातच जिंकेल. हें म्हणणें खोटें नाहीं.

परंतु विरुद्ध पक्षही दुबळा नाहीं. परीक्षक पुष्कळदां एखाद्या दिवसापुरता पाहुणा असतो, आणि यजमानाच्या पंगतींत बसून आमटी अळणी म्हणणें कठीण. शिवाय दशांश चिन्हापुढील आंकडा साध्या मतास शास्त्राचा पोशाख चढवितो. अमेरिकेच्या यादींत वर्षानुवर्षें अग्रस्थानीं झळकलेलें पाइन व्हॅली हें मैदान खासगी आहे. ज्याचें नांव हजारों वाचक आदरानें वाचतात, त्याच्या फाटकांतून निमंत्रणावांचून त्यांस आंत जातां येत नाहीं.

खारघरास हाच प्रश्न अधिक झोंबतो. नव्या मुंबईसाठीं ठाणें, पनवेल व उरण या तालुक्यांतील 95 गांवांच्या जमिनी संपादण्याचें ठरलें. योग्य मोबदल्यासाठीं शेतकऱ्यांनीं दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं लढा दिला, आणि जानेवारी 1984 मध्यें उरण तालुक्यांत पोलिसांच्या गोळीबारांत पांच जण प्राणास मुकले. त्यानंतरच साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचें तत्त्व रूढ झालें. अशा किंमतीनें वसलेल्या शहरांतील सार्वजनिक मैदान किती अवघड आहे, याहून तें किती जणांचें आहे, हें विचारणें अगत्याचें ठरतें. परीक्षकांच्या गुणपत्रिकेंत त्यासाठीं रकाना नाहीं.

हा रकाना घातल्यानें खेळाची थोरवी उणावेल, ही भीति मात्र निराधार आहे. स्कॉटलंडांतील सेंट अँड्र्यूज येथील जुनें मैदान जगाच्या याद्यांत सदैव वरच्या पंक्तींत असतें, आणि तें सार्वजनिक आहे. तेथेंही मुळांत 11 च होल होते. जातां-येतां खेळून 22 भरत. 1764 सालीं कांहीं एकत्र केल्यावर 18 झाले, आणि तोच आंकडा पुढें जगानें उचलला. महत्त्वाच्या स्पर्धा वगळतां दर रविवारीं तेथें खेळ बंद असतो. त्या दिवशीं गांवचीं माणसें मुलांबाळांसह त्याच हिरवळीवर फिरावयास येतात.

वस्तादांनीं डावाची पारख अवश्य करावी. मात्र खारघरच्या मैदानास गुण देतांना त्यांनीं एक रविवार कुंपणाबाहेरही उभें राहावें, आणि डोंगराकडे फिरावयास निघालेलीं माणसें कोणत्या वाटेनें जातात तें पाहावें.