प्रणयकादंबरी आणि तिच्या लेखिका
(हजीरा येथील मराठी वाचकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



तापीच्या मुखाशी वसलेले हजीरा आज ओळखले जाते ते समुद्रातून येणाऱ्या वायूमुळे आणि खताच्या, पोलादाच्या कारखान्यांमुळे. या उद्योगांच्या पाठोपाठ मराठी कुटुंबेही येथे आली. परप्रांतात पुरुषाला कामावर चार माणसे भेटतात. घरातील गृहिणीची मराठीची भूक मात्र पुष्कळदा ग्रंथालयातून आणलेल्या कादंबरीवरच भागते. ती कादंबरी बहुधा प्रेमाची असते, आणि बहुधा एखाद्या स्त्रीने लिहिलेली असते. म्हणून हा विषय येथे काढण्यास संकोचाचे कारण नाही.

या परिसराशी कादंबरीचे नातेही जुने आहे. गुजरातीतील पहिली मानली जाणारी कादंबरी, 'करणघेलो', सुरतेच्या नंदशंकर मेहता यांची. ती १८६६ साली प्रसिद्ध झाली. त्यानंतर सातच वर्षांनी, १८७३ मध्ये, मराठीत साळूबाई तांबवेकर यांचे 'चंद्रप्रभाविरहवर्णन' आले. मराठी स्त्रीने लिहिलेली पहिली कादंबरी म्हणून त्याचा उल्लेख होतो. मुलीने अक्षर गिरवणे हेच जेथे धारिष्ट्य होते, तेथे एका स्त्रीने लेखणी उचलली आणि विषय निवडला तो विरहाचा! 'मुक्तामाला', 'मंजुघोषा' यांसारख्या अद्भुतरम्य कथांचाच तो काळ होता, हे खरे. परंतु आरंभ प्रणयापासून झाला, ही गोष्ट पुढे सोयीस्करपणे विसरली गेली.

पुढील साठ वर्षांत स्त्रीशिक्षण वाढले, तरी प्रेमाविषयी स्त्रीने उघड बोलावे इतका समाज काही बदलला नव्हता. १९३३ मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह निघाला, तेव्हा महाराष्ट्रात मोठे वादळ उठले. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या अविवाहित मुलींची मने त्यात उघडी झाली होती. लेखिकेचे नाव होते विभावरी शिरूरकर. ही विभावरी कोण, याचाच शोध अनेकांना पुस्तकापेक्षा महत्त्वाचा वाटला. ते टोपणनाव होते बाळूताई खरे यांचे, म्हणजे पुढील काळातील मालतीबाई बेडेकरांचे. पाठोपाठ १९३४ साली 'हिंदोळ्यावर' आली. पतीपासून दूर झालेली अचला विवाहबंधनाबाहेर प्रेम करते आणि मातृत्वही स्वीकारते. प्रणयकथेत हुरहूर असते, रुसवे असतात. येथे तर स्त्रीच्या निवडीचा प्रश्न उभा होता. त्या प्रश्नाचे मोल लेखिकेला आपले नाव दडवून द्यावे लागले. इंग्लंडातील जेन ऑस्टेनची पहिली कादंबरीही १८११ मध्ये 'एका स्त्रीची' एवढ्याच ओळखीने प्रसिद्ध झाली होती, हे येथे आठवते.

स्वातंत्र्योत्तर काळातील लेखिकांना नाव दडवावे लागले नाही. त्यांच्या वाट्याला उपेक्षा आली. सुमती क्षेत्रमाडे व्यवसायाने डॉक्टर. रत्नागिरीच्या कुसुम अभ्यंकर याही डॉक्टर आणि शिवाय विधानसभेच्या सदस्य. योगिनी जोगळेकर शास्त्रीय संगीतातील गायिका, तर ज्योत्स्ना देवधर आकाशवाणीवर काम केलेल्या. शैलजा राजे, शकुंतला गोगटे, स्नेहलता दसनूरकर ही नावे तर घरोघरी परिचयाची. रुग्ण तपासून, रियाज करून, संसार सांभाळून या स्त्रियांनी लिहिले. त्यांना एकाच शब्दात मोडीत काढण्यात आले: 'बायकी'.

ना. सी. फडके यांनीही प्रेमच लिहिले. त्यांच्या तंत्रावर मात्र गंभीर चर्चा झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. या लेखिकांच्या सर्वच कादंबऱ्या उत्तम होत्या असे कोणी म्हणणार नाही. पुष्कळांत योगायोगांची रेलचेल आहे, आणि शेवटच्या पानावर नायिकेला तिचे घर परत मिळते ते बहुधा तिच्याच क्षमाशीलतेच्या बळावर. हा दोष खराच. पण सासरच्या जाचात, बिजवराच्या घरात, नोकरीच्या ओढाताणीत नायिकेला नेमके काय हवे होते, हे त्या शेवटापूर्वीच्या दोनशे पानांत लिहिलेले असते. वाचणारी स्त्री त्या पानांसाठीच पुस्तक घरी नेत असे.

लंडनमध्ये १९०८ साली स्थापन झालेली 'मिल्स अँड बून' ही संस्था पुढे प्रणयकथांसाठी जगभर प्रसिद्ध झाली, तीही वाचनालयांच्या वर्गणीदारांच्या आधाराने. आपल्याकडेही याहून निराळे घडले नाही. ग्रंथालयाची वर्गणी भरणारे अनेक हात या कादंबऱ्यांसाठीच पुढे आले. त्याच वर्गणीतून कोशही विकत घेतले गेले, आणि चरित्रेही.

परिणाम मात्र उलटा झाला. कोश कपाटात नव्यासारखे राहिले, आणि हातोहात फिरलेली कादंबरी शिवण उसवून, पाने गळून झिजली. पुनर्बांधणीचा खर्च 'असल्या' पुस्तकावर कशाला, असे म्हणून नोंदवहीत तिच्या नावापुढे 'जीर्ण, बाद' असा शेरा पडला. नवी प्रत बाजारात नव्हती. प्रकाशकानेही ती पुन्हा छापली नव्हती. शतक पूर्ण करणाऱ्या कोणत्याही मराठी ग्रंथालयाने आपल्या जुन्या नोंदवह्या काढून पाहाव्यात. या लेखिकांच्या किती पुस्तकांपुढे तो शेरा आहे, आणि त्यांपैकी किती एखाद्या सभासदाच्या माळ्यावरून अजूनही परत मिळवता येतील, हे त्यातून समजेल.